कढीपत्ता अर्धा आपला, अर्धा अळ्यांचा

आधी कबुली देऊन टाकते. आमच्या सोसायटीच्या आवारात जिवंत गोष्टींचं जेवढं नुकसान मी केलंय, तेवढं कुणीच केलं नसेल. पुण्यात वारज्याच्या बाजूला टेकडीच्या पायथ्याशी आमच्या दोन इमारती आहेत, ३६ फ्लॅट. बँकेतून निवृत्त झाले आणि सेक्रेटरीपद गळ्यात पडलं. ताळेबंद जुळवण्यात उभा जन्म गेलेला, तेव्हा आवारसुद्धा तसंच चोख करायला घेतलं. एक पान खाली दिसलं की माळीमामांना हाक. भिंतीवर वेल चढला की ओढून काढ. कढीपत्त्यावर अळी दिसली की फवारा.

त्या फवाऱ्यानंच मला अडवलं. तिसऱ्या मजल्यावरची पहिलीतली मुलगी रोज शाळेतून आली की कढीपत्त्यापाशी उभी राहायची. मला वाटायचं, पानं ओरबाडते. एका संध्याकाळी जिन्यात गाठून म्हणाली, "आजी, माझ्या अकरा होत्या. आता एकपण नाहीये." मोजून ठेवलेलं कुणीतरी परस्पर उडवलं की कसं वाटतं, ते बँकेतल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

त्याला सहा वर्षं झाली. मी कॉमर्सची, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. त्यामुळे खाली जे सांगते ते विचारत, चुकत शिकलेलं आहे. यातली निम्मी कामं म्हणजे नुसतं हात आवरणं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

कढीपत्ता, लिंबू, पानफुटी

कढीपत्त्यावर आणि लिंबावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी, काळी-पांढरी बारीक अळी असते, तिला हात लावू नका. तिनं मुद्दामच तसं सोंग घेतलेलं असतं, शीट कोण खाणार? मोठी झाली की ती हिरवी होते. डिवचलीत तर डोक्यामागून लाल-नारिंगी दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. विष वगैरे काही नसतं, घाबरवणं एवढाच उद्योग. लिंबावर बहुतेक लाइम बटरफ्लायच्या अळ्या असतात, कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉनच्या. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण महिना लागतो. तेवढ्यात झाड थोडं उघडं पडतं, पण कढीपत्ता पुन्हा फुटतोच, उलट जोमानं फुटतो.

आमटीला पानं हवीत आणि अळ्याही राहायला हव्यात, तर फांद्या वाटून घ्या. आम्ही पूर्वेकडच्या तीन फांद्यांना सुतळी बांधली आहे, त्या आपल्या. बाकीचं झाड अळ्यांचं. झाड अगदीच रोप असेल तर अळ्या हलक्या हातानं पानासकट शेजारच्या लिंबावर नेऊन ठेवा. मात्र दुसऱ्या कुठल्याही झाडावर ठेवू नका. ही मंडळी खाण्याच्या बाबतीत आपल्या घरातल्या पुरुषांहून हट्टी असतात, ठरलेलं पान सोडून दुसरं तोंडात घेत नाहीत, उपाशी मरतात.

हाच नियम सगळीकडे लागू. पानफुटीच्या जाड पानात पोकळ डाग दिसले तर रोग समजू नका, आत रेड पिएरोची अळी पान पोखरत बसलेली असते. मारुतीला वाहतो त्या रुईवर काळे-पिवळे पट्टे असलेली अळी दिसली तर ती प्लेन टायगरची. कुंपणाशी पावसाळ्यात टाकळा उगवतो, तो सगळा उपटू नका. कोवळी पानं भाजीला घ्या, उरलेला पिवळ्या फुलपाखरांना लागतो. आणि महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, निलवंत, ज्याला २०१५ साली हा मान मिळाला, तेही लिंबू आणि पपनसाच्या कुळातल्याच झाडांवर अंडी घालतं. गावाकडे परसात पपनसाचं जुनं झाड असेल तर "फळं आंबट, खातं कोण" म्हणून तोडू नका.

फुलझाडांच्या कुंड्या आणून फुलपाखरं येत नाहीत अशी तक्रार माझ्याकडे बरेचजण करतात. फुलं म्हणजे हॉटेल. बाळंतपणाची सोय वेगळी करावी लागते.

पालापाचोळा

याच्यावरून आमच्याकडे दोन सर्वसाधारण सभा गाजल्या. एका बाजूला "आवार गबाळं दिसतं, फ्लॅटचा भाव पडतो" म्हणणारे आणि दुसऱ्या बाजूला मी आणि माळीमामा. त्याआधी पानं झाडून कोपऱ्यात पेटवली जायची. धुराचा त्रास वरच्या मजल्यांना व्हायचा, म्हणून बाजूनं मतं मिळाली. खरं सांगायचं तर गांडुळांसाठी एकही मत पडलं नव्हतं. तुम्हीही सभेत मुद्दा मांडाल तेव्हा धुरापासून सुरुवात करा. पुण्यात २०१६ पासून 'ब्राउन लीफ' नावाचा गट वाळलेली पानं जाळण्याऐवजी वापरायला शिकवतो आहे, त्यांचं काम दाखवलं की सभासद जरा नरमतात.

करायचं असं. कोंबड्यांची जाळी दहा फूट घ्या आणि गोल वळवून टोकं तारेनं बांधा. साधारण तीन फूट रुंदीचं पिंप होतं. झाडाच्या सावलीत, थेट मातीवर ठेवा, खाली फरशी नको. पानं भरा, आठवड्यातून एकदा पाणी मारा, पोरांना आत उड्या मारू द्या. शेण मिळालं तर पातळ करून शिंपडा, नाहीतर आंबट ताक चालतं. सहा-आठ महिन्यांत तळाला काळं, मऊ, पावसाचा वास येणारं खत तयार होतं. आत जाड पांढऱ्या अळ्या सापडतील. कुजलेलं खाऊनच त्या खत करतात. आमच्या माळीमामांनी पहिल्या वर्षी त्या वेचून फेकल्या, तर सातभाईंची टोळी समोर बसून एकेक उचलून घेऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून ते आठ पक्षी हजेरी लावायला लागले, कलकलाट करत, पानं उलटीपालटी करत. दयाळ तर पिंपाच्या काठावर शेपटी उभारून बसतो, वॉचमनकाकांच्या खुर्चीपासून चार हातांवर.

झाडांच्या बुडाशीही चार बोटं पानांचा थर राहू द्या. आणि बुंध्याभोवती फरशी घातली असेल तर ती फोडा. निदान तीन फूट चौरस माती मोकळी हवी. आमच्या आवारातल्या करंजाभोवतीची फरशी फोडल्यावर पहिल्याच पावसाळ्यात तिथे आम्ही न लावलेल्या किती गोष्टी उगवल्या! त्यात एक बारीक, लालसर कोंबाचा उंबर होता. तो मात्र इमारतीपासून लांब, टेकडीकडच्या कुंपणाशी हलवला. उंबर, वड, पिंपळ ही पक्ष्यांची अन्नछत्रं, पण मुळं भिंत सोडत नाहीत, तेव्हा जागा बघून.

साप येतील, हा प्रश्न येणारच. पानांचा ढीग, विटा, लाकडं तळमजल्याच्या भिंतीपासून दहा फुटांवर ठेवा, एवढं पुरतं. तरी साप दिसला तर दुरून नजर ठेवा, मारायला काठी उचलू नका, सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. आमच्याकडे सहा वर्षांत दोनदा साप निघाला, दोन्ही वेळा धामण. ती बिनविषारी, उंदीर खाते. आपल्याकडे माणसांना धोका आहे तो मुख्यतः चार जातींचा: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चावलाच तर बांधाबांधी, कापाकापी, मांत्रिक काही नको, हालचाल कमी करून सरळ दवाखाना.

उंदरांचं औषध

उंदरांसाठी ठेवलेली विषारी वडी उंदीर खातो, दोन-तीन दिवस झिंगत फिरतो आणि नेमका तोच घुबडाच्या हाती सहज लागतो. विष घुबडाच्या पोटात जातं. मागच्या गल्लीतल्या वडाच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी आहे, संध्याकाळी तारेवर बसून आपल्याकडे मान वाकडी करून बघते. त्यांच्याकडे बघून आम्ही वड्या बंद केल्या आणि जुने लोखंडी पिंजरे पुन्हा काढले. कचऱ्याच्या डब्यांना झाकणं बसवली तेव्हाच खरा फरक पडला, हेही सांगते.

गोंदाचे कागद तर मुळीच ठेवू नका. मीटरच्या खोलीत मी ठेवलेल्या कागदावर एकदा सरडा चिकटला. खोबरेल तेल बोटानं थोडं थोडं सोडत पाऊण तास लागला तो सुटायला. माझ्यावर असा प्रसंग आला, तुमच्यावर आला तर ओढू नका, तेलच वापरा.

झाड लावताना आणि छाटताना

लावण्याच्या उत्साहाला आमच्याकडे तोटा नाही. प्रश्न काय लावतो याचा आहे. बिल्डर देऊन जातो ते फायकस, पामचे खांब आणि पिवळ्या ड्युरांटाचं कुंपण. ड्युरांटाला तर महिन्याला कात्री लागते, त्यामुळे फूलसुद्धा येत नाही. त्याजागी अडुळसा, निर्गुडी, मेंदी लावा. मोठ्या जागेत बहावा, करंज, पळस, भोकर, कडुनिंब. ताम्हण, म्हणजे आपलं राज्यफूल, रस्त्याकडेला चांगलं वाढतं आणि उन्हाळ्यात जांभळं होऊन जातं. काटेसावरीला जागा असेल तर नशीब समजा: माघ-फाल्गुनात पान एक नसतं आणि लाल फुलांवर मैना, बुलबुल, कावळे, खारी सगळे एका पंगतीला. गुलमोहराशी माझं वैर नाही, तो मादागास्करचा पाहुणा आहे आणि राहू दे. पण नवीन लावताना पाहुण्यांना पहिला मान नको.

छाटणी नोव्हेंबर-डिसेंबरात उरकून घ्या. फेब्रुवारीपासून शिंजीर घरटी विणायला लागतो, एप्रिलनंतर कावळे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर "फांद्या पडतील" म्हणून आपण नेमकी तेव्हाच करवत काढतो. करायचीच असेल तर माणूस चढण्याआधी खालून दहा मिनिटं बघा. एकच पक्षी पुन्हा पुन्हा त्याच फांदीत शिरत असेल तर आत घरटं आहे. शहरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नाशी ओलांडलेलं झाड वारसा वृक्ष धरलं जातं. छाटणीसाठीही आधी लेखी अर्ज टाका. कागद फिरेपर्यंत पिल्लं उडून जातात, हाही एक फायदा.

धोका नसेल तर वाळकी फांदी राहू द्या. तांबट हा हिरवा, कपाळावर लाल टिळा लावलेला पक्षी अशाच फांदीला गोल भोक पाडून घर करतो. उन्हाळ्यात भर दुपारी टुक्-टुक्-टुक् असा भांडी ठोकल्यासारखा आवाज येतो, तो त्याचा. त्याचं जुनं घर पुढे दुसरे पक्षी वापरतात. आमच्याकडे बाभळीची एक वाळकी फांदी चार वर्षं टिकली, सभेत तिच्यावर तीनदा चर्चा झाली.

पाणी ठेवा, दाणे कमी

पसरट मातीची परात, पाणी दोन इंचच, मध्ये एक खडबडीत दगड. मधमाश्या दगडावर बसून पितात, नाहीतर बुडतात. दर दोन दिवसांनी पाणी ओता आणि काथ्यानं घासा, म्हणजे डासांच्या अळ्यांचा प्रश्न येत नाही. बस, एवढंच आहे.

दाण्यांचं मात्र बोलते. गच्चीवर पोतंभर ज्वारी ओतणं म्हणजे कबुतरं पोसणं. कबुतरं वाढली की चिमण्यांच्या जागा जातात, आणि माणसांच्या फुप्फुसांचा त्रास वेगळाच. मुंबईत दादरचा कबुतरखाना २०२५ साली ताडपत्रीनं झाकला, त्यावरून केवढं रण पेटलं ते सगळ्यांनी पाहिलं. आमच्या गच्चीवरचं धान्य मी नुसत्या नोटिशीनं बंद करू शकले नाही. रोज टाकणाऱ्या काकांना पाण्याच्या परातीची जबाबदारी दिली, तेव्हा थांबलं.

चिमण्यांसाठी घरटं टांगायचं तर लाकडाचं, भोक साधारण ३२ मिलिमीटरचं, म्हणजे सव्वा इंच. त्याहून मोठं केलं की साळुंक्या शिरतात. बाहेर बसायला काडी लावू नका, चिमणीला ती लागत नाही, शत्रूला लागते. उन्हाकडे आणि पंख्याजवळ नको. आणि पिल्लांना दाणे चालत नाहीत, किडे लागतात, म्हणजे पुन्हा फवाऱ्याकडेच आलो.

रात्र काळी राहू द्या

गच्चीवर चार पांढरे फ्लडलाइट मीच बसवले होते, सुरक्षिततेसाठी. पावसाळ्याच्या सुरुवातीला सकाळी त्यांच्याखाली पतंगांचा सडा पडलेला असायचा, झाडूनं गोळा करावा लागायचा. आता दोनच आहेत, पिवळसर, तोंड खाली, वरून पत्र्याची टोपी, आणि अकराला टायमरनं बंद. जिन्यात माणूस आला की लागणारे दिवे. चोरी एकही झालेली नाही, हे सभेसाठी सांगते.

माझं माहेर सावंतवाडीजवळ. लहानपणी मृगाच्या आधी ओढ्याकाठची झाडं काजव्यांनी अशी लकलकायची की आई म्हणे, दिवाळी इकडे आधी येते. आता तिथे पुलावर मोठा दिवा आहे आणि त्याच्या उजेडात ती झाडं काळीच असतात. काजवा लुकलुकतो तो जोडीदाराला बोलवायला, दुसरा उजेड असला की निरोप पोचत नाही. भंडारदऱ्याला किंवा पुरुषवाडीला काजवे बघायला जाणार असाल तर गाडीचे दिवे आधीच बंद करा, मोबाइलची बॅटरी खिशात ठेवा, झाडाखालच्या गवतात शिरू नका, तिथे माद्या आणि अंडी असतात. फोटो येत नाही तो येतच नाही, डोळ्यांनी बघा.

सणावारी

हा भाग बायकांनी वाचावाच, कारण सामान आणणाऱ्या आपणच.

वटपौर्णिमेला मंडईत वडाच्या फांद्यांच्या मोळ्या येतात. कुंडीत खोवलेल्या फांदीची पूजा करून दुसऱ्या दिवशी ती कचऱ्यात. आम्ही सहा वर्षं चालत मागच्या गल्लीतल्या वडापाशी जातो, दीड-दोन डझन बायका. सूत गुंडाळतो ते कच्चं, आणि दुसऱ्या दिवशी सोडवून घेतो, नाहीतर खारी आणि पक्षी अडकतात. पिंगळे दिवसभर वरून हा सोहळा बघत असतात. सासूबाई सुरुवातीला कुरकुरल्या, नंतर त्यांनाच जास्त आवडायला लागलं, गप्पा होतात ना.

गौरींना तेरडा लागतो, तो पोत्यानं उगवतो, काही हरकत नाही. कळलावी, जिला काहीजणी गौरीचे हात म्हणतात, तिची गोष्ट वेगळी. टेकडीवरून कंदासकट उपटून आणतात, म्हणजे पुढच्या वर्षी ती जागा रिकामी. फूल घ्यायचंच तर वरून खुडा. त्याहून बरं म्हणजे कुंडीत एक कंद लावा, मात्र तो विषारी असतो, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं असतील तर उंचावर ठेवा. पत्रीसाठी सोसायटीतल्या झाडांची दोन-दोन पानं मिळून एकवीस पुरतात. मी यादी करून फलकावर लावते.

दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून आणतात, आणि निम्मं सोनं तर खोटं असतं, कांचनाची पानं खपवतात. घरटी एक पान पुरे. आम्ही कुंपणाशी एक आपटा लावला आहे, तो आता पहिल्या मजल्याला लागला.

होळीला उभं हिरवं झाड तोडायची पद्धत काही गावांत आहे. तिथे मी बोलून काही होणार नाही, गावातल्याच मोठ्या माणसानं बोलावं लागतं. आमच्या आवारातली होळी गोवऱ्यांची आणि लहान. रचलेली लाकडं दोन दिवस पडून असली तर पेटवण्याआधी उचलून पुन्हा रचा, आत सरडे, बेडूक शिरलेले असतात.

संक्रांतीचा नायलॉन मांजा. २०१७ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं त्यावर देशभर बंदी घातली, तरी मिळतोच. विकत आणू नका हे झालंच, पण खरं काम संक्रांतीनंतरचं आहे. झाडांवर, तारांवर, टाकीच्या पाइपाला गुंतलेला मांजा महिनोन्‌महिने तसाच राहतो, कुजत नाही. पुढच्या रविवारी मुलांना घेऊन बांबूला आकडी बांधून तो उतरवायचा, कात्रीनं बोटभर तुकडे करायचे आणि पिशवीत बंद करून सुक्या कचऱ्यात. लांब दोरा तसाच टाकलात तर कचराडेपोवर तो पुन्हा घारीच्या पायात जातो. विजेच्या तारांना मात्र हात घालू नका, तिथे त्यांचीच माणसं बोलवा.

आणखी एक. जत्रेत, रस्त्याकडेला 'हत्ताजोडी' आणि 'इंद्रजाल' विकायला असतं, घरात ठेवलं की बरकत येते म्हणे. हत्ताजोडी म्हणजे नर घोरपडीचा अवयव, आणि इंद्रजाल म्हणजे समुद्रातलं काळं प्रवाळ. मांडुळाचा गुप्तधनाशी काही संबंध नाही. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, तो कितीही गोड बोलला तरी.

घरातले मासे ओढ्यात सोडू नका

काचेच्या टाकीचा कंटाळा आला की लोक मासे नदीत सोडतात आणि वर पुण्य मिळालं म्हणतात. टाकीतली शेवाळ चाटणारा सकर मासा अॅमेझॉनकडचा. तो असाच पाण्यात सुटला आणि आता उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. खात कुणी नाही, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. गप्पी मासे डासांसाठी हौदात, कारंज्यात ठीक, ओढ्यात-तळ्यात नकोत. मासे नकोसे झाले तर दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला.

टेकडीवर

सकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठी थोडं. उघडा माळ दिसला की आपले हात खड्डा खणायला शिवशिवतात. पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी गिरिपुष्प लावलं गेलं, त्यालाच उंदीरमारी म्हणतात. मध्य अमेरिकेतलं झाड, भराभर वाढलं, टेकडी हिरवी दिसली, आणि त्याच्याखालचं गवत गेलं. गवत म्हणजे पडीक जागा नव्हे. त्यात चंडोल घरटं करतो, नाकतोडे असतात, पावसाळ्यात पांढरी आमरी उगवते. म्हणून वृक्षारोपणाचं आमंत्रण आलं की मी पहिला प्रश्न विचारते, "कुठे लावताय?" मग "काय लावताय?" सीडबॉलचंही तसंच. जाताना घरातल्या फळांच्या बिया माळावर फेकू नका, आधीच मोडलेल्या, उकरलेल्या उतारावर तिथल्याच झाडांच्या टाका.

टिटवी उघड्या खडीवर अंडी घालते, दगडासारखीच दिसतात. उन्हाळ्यात ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर खाली बघत मागे फिरा, आणि कुत्र्याला पट्टा असू द्या. पायवाट सोडू नका. विडी-सिगारेटवाल्यांना टोका, फेब्रुवारीपासून गवत वाळलेलं असतं आणि वणवा एका थोटकानं लागतो.

हात रिकामे असतील तर गाजरगवत उपटा. १९५० च्या दशकात त्याची आपल्या देशातली नोंद पुण्यातच झाली, म्हणजे हे देणं आपलंच. फूल यायच्या आधी, पाऊस पडून माती मऊ झाल्यावर, हातमोजे घालून, मुळासकट. फुलावर आलेलं उपटून वाटेवर टाकलंत तर बी पसरवल्यासारखंच होतं. टणटणी उपटणं मात्र एकट्यादुकट्याचं काम नाही, आणि तिच्या जाळीत बुलबुलाची घरटी असतात, बघून करा.

लिहून ठेवा

माझ्या मते सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत टाळलं जाणारं काम. वही घ्या. तारीख, काय दिसलं, किती. मोबाइल जमत असेल तर पक्ष्यांसाठी ई-बर्ड, बाकी सगळ्यासाठी आयनॅचरलिस्ट, फोटो टाकला की जाणकार नाव सांगतात. माझी निम्मी नावं तिथून आलीत. ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत. सुरुवात करायला तो आठवडा चांगला, छाटणीच्या आधीही येतो.

गावी तुमचं घर असेल तर आणखी एक करा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत, पालिकेत जैवविविधता समिती असायला हवी, आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही. ती बघायला मागा. कुठली रानभाजी कुठे मिळते, कुठल्या ओढ्यात पहिल्या पावसाला मासे चढतात, देवराईत कुठली जुनी झाडं आहेत, हे त्यात घालायचं असतं आणि ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक असतं. याच नोंदींमधून मोठी कामं उभी राहतात. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी देवळाच्या कुंडात एक नवीन मासा सापडला, २०२० साली त्याचं नाव जाहीर झालं आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. त्या कुंडात लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या गळ टाकला नव्हता.

मी गेल्या मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा मामांना बसवून दोन संध्याकाळी सगळं लिहून घेतलं. त्यांना शेवळं कुठल्या बांधावर येतात ते पावलांच्या मापात पाठ आहे. फोडशी पानं कापून घ्यायची, कंद ठेवायचा, हे त्यांनी मला तीनदा बजावलं.

आमच्या सोसायटीची वही आता तिसरी चालू आहे. ती माझ्याकडे नसते. ती मुलगी सातवीत गेली, वही तिच्याकडे असते, आणि मला हात लावायचा तर विचारावं लागतं. परवा तिनं लिहिलंय: "कढीपत्ता. अळ्या १४, कोष ३. एक अळी सुतळीवाल्या फांदीवर गेली आहे, आजींना सांगितलं." त्या दिवशी सासूबाईंची आमटी कढीपत्त्याविना झाली.